काठीच्या टप्प्यात

अकरावा साप त्यांनी खळ्यात आणून टाकला तेव्हा ऊन कलत होतं. धामण होती, चांगली पाच हात लांब. फणसाखाली आधीच्या दहांचा ढीग पडला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. त्यांनी काठीचं टोक मातीत घासून पुसलं, पडवीतल्या कळशीतलं पाणी उभ्यानंच प्यायले आणि परत वळले.

"अवो, दोन घास खाऊन जावा," मी म्हटलं.

"भूक नाय."

"कालपास्नं नाय."

"नाय म्हटलं ना."

ते म्हणजे माझे यजमान, रघुनाथ भुवड. चिरेखाणीत कामाला होते. आमची आठ वर्षांची वैजू साप चावून गेली, त्याला त्या दिवशी पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत हा माणूस एकदाही रडला नव्हता. पोरीला पोचवून आले, आंघोळ केली आणि गोठ्याच्या आढ्याला खोचलेली चिव्याच्या बांबूची काठी ओढून काढली. तेव्हापासून ती काठी हातातून सुटली नव्हती. शेजारपाजारचे जेवण आणून देत होते, ते तसंच झाकून राहत होतं.

साप कुठं असतो हे त्यांना साळुंक्यांनी दाखवलं. मे महिना होता. झाडाझाडाच्या ढोलीत पिल्लं होती. साप जवळपास दिसला की साळुंकी किंचाळते, मग दुसरी येते, मग बुलबुल येतात, कावळे येतात आणि सगळी मिळून त्याच्यावर झेपा घेतात. ते बांधावर बसून कान लावायचे. कुठं कलकलाट उठला की तिकडं धावत सुटायचे. पाखरं त्यांना बघून उडत नसत, फांदीवर बसून आणखीच ओरडत.

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. सुतकातल्या बाईनं रानात जाऊ नये म्हणतात, पण घरात बसून तरी काय करणार होते? ओढ्याच्या वरच्या अंगाला किंजळीच्या झाडाखाली ते उभे होते. वर साळुंक्यांनी रान डोक्यावर घेतलं होतं. बुंध्यापाशी, करंगळीएवढी बारीक नानेटी जीभ काढत निघाली होती. त्यांनी काठी उचलली. मी मागून ती धरली.

"सोड."

"नानेटी हाय ही. बेडकं खाऊन जगती. तुमाला ठावं हाय."

"साप हाय."

"वैजूला चावली ती घोणस व्हती. मी बघितलीय. पाठीवर साखळीवानी गोल डाग. तुमच्या त्या ढिगात घोणस एक तरी हाय का?"

"गावंल. समदे मारले की त्यात ती बी येईल."

त्यांचे डोळे लाल झाले होते. किती रात्री झोपले नव्हते देव जाणे. मी काठी सोडली नाही.

"ती काय वैजूला मारायला आली नव्हती," मी म्हटलं. "भाताच्या राबात जाळायला वाळका पातेरा गोळा करीत व्हतो आमी. ती त्यात पडून व्हती थंडाव्याला. पोरीनं दोनी हातांनी पातेरा कवटाळला नि उचलला. ती भ्याली नि चावली. तिला काय म्हाईत, लेकरू हाय का कोन हाय."

"तू सापाची बाजू घेतीस माझ्यासमोर?"

"बाजू नाय घेत."

"मंग काय करतीस?"

त्यांना सांगायचं एक होतं, पाच दिवस ते मी आतच ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांनी काठी हिसकली. एकाच फटक्यात नानेटी मेली. वरच्या साळुंक्या गप्प झाल्या आणि एकेक करून उडून गेल्या. ते बारावा साप काठीवर घेऊन घराकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.

खळ्यात वाडीतले सात-आठ पुरुष येऊन बसले होते. पुढे सोनू गावकार. गावकार म्हणजे आमच्या वाडीचा प्रमुख. वाडीत कुणाचं लग्न, कुणाची वाटणी, कुणाचं भांडण, शब्द त्याचा. माणूस वाईट नव्हता. वैजूला शेवटचं उचलायला तोच पुढे होता.

"रघुनाथा, एकेक साप मारून किती दिस पुरणार?" तो म्हणाला. "आमी ठरवलंय. उद्या सकाळी ओढ्यापासनं सड्यापतूर समदं रान पेटवायचं. गवत सुकलंय, वारा पडलेला असतो सकाळचा. चारी बाजूंनी मानसं उभी करू. बाहेर येईल ते ठेचायचं."

"किती मानसं लागतील?" यजमानांनी विचारलं. पाच दिवसांत त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला होता.

"वीस हायेत तयार." मग गावकार माझ्याकडे वळला. "शेवंते, पयली काडी तू लाव. पोर तुझी गेली. वैजूच्या नावानं हे रान एकदा साफ होऊ दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत माया होती, हे मला आजही कबूल आहे. ते माझ्यासाठी काहीतरी करायला निघाले होते. त्यांना जे करता येत होतं, ते.

"मी नाय लावनार," मी म्हटलं.

"का गो?"

"नाय लावनार."

"मी लावीन," यजमान म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. कुणी कोयते, कुणी काठ्या, कुणी रॉकेलची बाटली घेऊन आलं होतं. बायका पाण्याच्या कळश्या घेऊन बांधाला उभ्या होत्या, आग काजूत शिरली तर विझवायला. निघायची वेळ झाली आणि खालच्या वाटेनं जीप वर आली.

तालुक्याहून आरोग्य खात्याचे एक साहेब आले होते. पांढरा शर्ट, काखेत फाइल. गावकारानं त्यांना पडवीत खुर्ची दिली. साहेबांनी फणसाखालचा ढीग पाहिला, नाकाला रुमाल लावला.

"हे सगळे तुम्ही मारलेत?"

"व्हय," यजमान म्हणाले.

"छान केलंत. आणि आता रान पेटवणार आहात? उत्तम. हीच जागरूकता हवी. पुन्हा कुणाच्या लेकरावर ही पाळी नको यायला." मग ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ताई, झालं ते फार वाईट झालं. आमच्या खात्याला फार दुःख आहे. एक छोटंसं काम आहे. कागद पुरा करायला लागतो. जबाब तयार करून आणलाय, तुमची फक्त सही हवी. अंगठा करता का सही?"

"सही करते. सातवी शिकलेय."

"मग उत्तमच." त्यांनी पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"वाचून दावा," मी म्हटलं.

साहेब थबकले. मग त्यांनी फाइल उघडली आणि भराभर वाचलं. अक्षर न् अक्षर माझ्या ध्यानात आहे. 'सर्पदंश झाल्यानंतर मी मुलीस प्रथम गावातील भगताकडे नेले. तेथे बराच विलंब झाला. दुपारी एक वाजता मुलगी अत्यवस्थ स्थितीत आरोग्य केंद्रात आणण्यात आली. कर्मचाऱ्यांनी तत्परतेने तिला पुढील उपचारासाठी रवाना केले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली साक्षीदार म्हणून सोनू गावकाराची सही आधीच झालेली होती.

मी गावकाराकडे पाहिलं. तो खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"गावकार, भगताकडं कोन गेलं?"

त्याची काडी अर्ध्या रेघेवर थांबली.

"तुमीच म्हणाला व्हता ना, भगताकडं चल म्हणून? समदी वाडी म्हणत व्हती. मी कुणाचं आयकलं? पोरीला पाठीवर मारली नि धावत सुटले. तुमी मागनं वरडत व्हता, शेवंते, दवाखान्यात कोन नसतंय, मंत्र घाल आधी. मी मागं वळून बघितलं का?"

"नाय बघितलंस," गावकार म्हणाला.

"ताई, आता या वेळी वाद नको," साहेब म्हणाले. "कागद एका विशिष्ट पद्धतीनं लिहावा लागतो. यात तुमचाच फायदा आहे, उगाच चौकशीत तुम्हाला खेचायला नको."

"काय चौकशी?" यजमानांनी विचारलं. त्यांच्या हातात काठी होती. "एक वाजता कशी गेली ही? पोरीला साप दहाला चावला."

ते खाणीवर होते. पोरीला तालुक्याला नेणारी गाडी खाणीच्या फाट्यावर थांबली तेव्हा ते धावत येऊन चढले. वैजू माझ्या मांडीवर होती, बोलायची थांबली होती. त्यांनी विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, साप. घाटातच ती गेली. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

त्या सकाळी वीस पुरुषांसमोर आणि त्या साहेबासमोर मी सांगितलं.

"आमी पावणेअकराला केंद्रात पोचलो," मी म्हटलं. "भिंतीवर घड्याळ व्हतं. सिस्टर व्हती. तिनं पाय बघितला, म्हणाली डॉक्टर मीटिंगला गेलेत, येतील. मी इचारलं, सापाचं औषध हाय का? तर हाय म्हणाली. फ्रीजमध्ये हाय. पण डॉक्टर नसताना मला द्यायची परवानगी नाय, काय उलटं झालं तर माझी नोकरी जाईल. बाहेर बाकावर बसा."

"मंग?" यजमान म्हणाले.

"मंग आमी बसलो."

"किती येळ?"

"अडीच तास."

साहेबांनी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली.

"खिडकीतनं तो फ्रीज दिसत व्हता," मी म्हटलं. "वर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी व्हती. वैजूचा पाय मांडीपतूर सुजला. हिरड्यातनं रगत यायला लागलं. मी पदरानं पुसत व्हते. केंद्राची जीप डॉक्टर घेऊन गेलेले. सव्वाला आंब्याच्या पेट्या नेणारी एक गाडी आली, त्या डायवरनं बघितलं नि पेट्या रस्त्यात उतरवून आमाला घेतलं. तंवर मी बाकावर बसले व्हते. मी वरडले नाय. दार वाजवलं नाय. त्या सिस्टरचा हात धरून तिला फ्रीजपाशी ओढलं नाय. बस म्हटलं, मी बसले."

एवढं बोलून झाल्यावर मला वाटलं, आता ती काठी माझ्यावर पडेल. पडली असती तरी मी हलले नसते. यजमान म्हणाले,

"मला कां नाय सांगितलंस?"

"तुमी मला टाकून बोलला नसतात, म्हणून. बोलला असतात तर आधीच सांगितलं असतं."

साहेब उठले. "हे बघा, बाई दुःखात आहेत. या अवस्थेत माणसाला वेळेचं भान राहत नाही. गावकार, तुम्ही समजावून सांगा. मी खाली जीपमध्ये बसतो."

ते गेल्यावर गावकार माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा आवाज खाली आला होता.

"शेवंते, मी खोटी सही केली, कबूल. पन इचार कर. तो डॉक्टर उद्या बी तिथंच असनार. वाडीतली बाय अडली, कुणाला ताप आला, कुठं न्यायचं? त्याच्याशी वाकडं घेऊन आमी कुठं जायचं? पोर तर काय परत येनार नाय."

"म्हणून साप मारायचे?"

"मंग काय करू?" तो म्हणाला, आणि या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. "साप काठीच्या टप्प्यात येतो गो. डॉक्टर येतो का? हा साहेब येतो का? आमच्या हातात हाय ते आमी करतो."

याच्याइतकं खरं त्या दिवशी कुणी बोललं नाही. मी त्याच्यावर रागावू शकले नाही. पण ऐकणारही नव्हते.

"साळुंकी सापावर वरडती, कारण तिच्यापाशी चोच हाय नि पिल्लं हायेत," मी म्हटलं. "तिला दुसरं कुणाला इचारता येत नाय. तुमी तर वीस बापये. रॉकेलची बाटली आणलीत, कोयते आणलेत. एकानं तरी इतक्या दिसांत केंद्रात जाऊन इचारलं का, पोर किती वाजता आली व्हती? अवो, बारा साप मेले इथं. बाराच्या बारांना न इचारता मारलं. नि ज्याला इचारायचं त्याला खुर्ची दिलीत."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "हिचं डोकं फिरलंय." माझ्या चुलतदिराचा आवाज होता तो.

"फिरलंय," मी म्हटलं. "फिरू दे."

मी चालत खाली जीपपर्यंत गेले. साहेब पुढच्या सीटवर बसून वारा घेत होते.

"सही नाय करनार," मी म्हटलं. "कोरा कागद द्या."

"कोरा कागद कशाला?"

"मी माझा लिवते."

"ताई, जबाब असा कुणीही कसाही लिहीत नसतं. त्याला नमुना असतो."

"नमुन्यात माझी पोर बसत नाय. कागद द्या, नायतर ह्या तुमच्या कागदाच्या मागं लिवते."

त्यांनी कागद दिला नाही. उलट आवाज चढवून म्हणाले, की असं वागलात तर सरकारी कामात अडथळा आणला असं धरलं जाईल. तेवढ्यात माझ्या मागून एक हात पुढे आला आणि साहेबांच्या मांडीवरची फाइल उचलली. यजमान होते. काठी त्यांच्या हातात नव्हती, पडवीत टाकून आले होते. त्यांनी फाइलमधून एक कोरा कागद काढला, बाकीची फाइल नीट बंद केली आणि साहेबांच्या मांडीवर परत ठेवली.

"तिला लिवू दे," ते म्हणाले.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. बॉनेट तापलेलं होतं, मनगट भाजत होतं. शुद्धलेखन कधी जमलं नाही मला. पण मी लिहिलं. दहा वाजता घोणस चावली. पावणेअकराला केंद्रात. सव्वाला केंद्रातून निघालो. दोनला गेली. अडीच तास औषध फ्रीजमध्ये होतं आणि आम्ही बाहेर होतो. साहेब वाचत होते आणि मधेच म्हणाले, "मृत्यूचं कारण सर्पदंश, असं तरी लिहा."

"साप दहाला चावला," मी म्हटलं. "पोर दोनला गेली. मधले चार तास कुणी लिवायचे?"

त्यांनी तो कागद घेतला नाही. जीप मागे वळवली आणि गेले. वर बांधावर सगळे उभे होते. यजमान त्यांना एवढंच म्हणाले, "रान पेटवायचं नाय. घरी जावा." दोघंतिघं कुरकुरली. माझा चुलतदीर म्हणाला, बायकोच्या पदराआड लपतोस. माणसं पांगली.

दुपारी त्यांनी फणसापलीकडे खड्डा खणायला घेतला. मी सुपानं माती ओढत होते. बारा साप आम्ही दोघांनी त्यात उचलून ठेवले. माती लोटताना त्यांनी विचारलं,

"ती काय बोलत व्हती? बाकावर?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण आता लपवायचं काही ठेवलं नव्हतं.

"आये, आपला नंबर कवा, म्हणून इचारत व्हती."

फावडं त्यांच्या हातातून गळलं. ते त्या मातीच्या ढिगावर बसले आणि हंबरडा फोडून रडले. इतक्या दिवसांचं एकदम बाहेर आलं. मी त्यांच्या शेजारी बसले. किती वेळ ते माहीत नाही, तिथं घड्याळ नव्हतं.

तो कागद घेऊन आम्ही तालुक्याला चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा म्हणाले पोस्टानं पाठवा, तिसऱ्यांदा शिपायानं दारातच अडवलं. चौथ्यांदा आम्ही भाकरी बांधून गेलो आणि कचेरीच्या पायरीवर दोघं उभे राहिलो. संध्याकाळी कारकून बाहेर आला, कागदावर शिक्का मारला आणि पोच दिली. चौकशी लागली ती दिवाळीनंतर. सिस्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, दहा पन्नासला आली होती मुलगी, मी माझ्या हातानं रजिस्टरला वेळ लिहिली आहे. तिचीही काय चूक म्हणायची? तिला भीती घातलेली होती. पण त्या दिवशी ती बोलली, हे मी विसरत नाही. आणि सोनू गावकार उठून उभा राहिला. म्हणाला, माझी सही खोटी आहे, ही बाय आमचं न ऐकता थेट दवाखान्यात गेली होती. त्यानंतर वाडीत त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

डॉक्टरांची बदली झाली. यापलीकडे त्यांना काही झालं नाही. आमच्या केंद्रापुरता एक आदेश निघाला, की सर्पदंश झालेला माणूस आला तर सिस्टरनं फोनवर विचारून पहिलं औषध लगेच चालू करायचं. एवढंच मिळालं. वाडीत कित्येक वर्षं माझ्याबद्दल बोलत होते, ही पोरीला मारणाऱ्या सापांची बाजू घेणारी बाई. हळदीकुंकवाला बोलवत नसत. मी गेले नाही आणि वाईटही वाटून घेतलं नाही.

आता मी पंचावन्नची आहे. दर वर्षी मृगाच्या आधी आणि भातकापणीच्या आधी तीन किलोमीटर चालत केंद्रात जाते. यजमान होते तोवर तेही यायचे. डॉक्टर बदलत राहतात. गेल्या वर्षी नवीन मुलगा आला होता, शहरातला, चष्मा लावलेला. मी आत गेले तर म्हणाला, "आजी, नंबर लावा. बाहेर बाकावर बसा."

"मी पेशंट नाही," मी म्हटलं. "सापाचं औषध किती आहे ते बघायला आलेय."

"तुम्ही कोण? तुम्हाला ते बघायचा काय अधिकार?"

सिस्टर नवीनच होती, पण तिला माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं असावं. ती डॉक्टरच्या कानाशी काही बोलायला लागली. मी तिला थांबवलं.

"माझी मुलगी त्या बाकावर अडीच तास बसली होती," मी म्हटलं. "औषध याच खोलीत होतं. फ्रीज उघडा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उठला आणि फ्रीज उघडला. मी चष्मा लावला आणि एकेक बाटली हातात घेऊन तिच्यावरची तारीख वाचू लागले. मागे रांग लागली होती, कुणीतरी खाकरलं, पण मी सगळ्या बाटल्या वाचून होईपर्यंत तिथून हलले नाही.